आयर्लंडात लांब मुक्काम ठोकताय? निदान या चुका तरी टाळा

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. साताऱ्याचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, शेजाऱ्यांच्या ऑफिसातले मित्र. ‘उन्हाळ्यात दोन-अडीच महिने तिकडे येतोय, जरा प्लॅन बघून सांगा.’ कॉर्कमध्ये राहून मला आता अकरा वर्षं झाली. प्लॅन उघडला की पहिल्या चार ओळींत चुका सापडतात आणि त्या गेल्या वर्षीच्याच असतात. यंदा एकदाच सगळं लिहून काढतो. पुढच्या मार्चात हेच पुढे सरकवायचं आणि आपण निवांत चहा प्यायचा.

सीमा दिसत नाही म्हणजे नाहीच, असं समजणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून आधी हीच. आयर्लंडच्या बेटावर दोन देशांचा कारभार आहे. डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक हे आयर्लंड प्रजासत्ताकात. बेलफास्ट, डेरी आणि ते प्रसिद्ध षटकोनी दगडांचं जायंट्स कॉजवे युनायटेड किंगडममध्ये. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे आणि तिच्यावर ना चौकी, ना फाटक, ना हवालदार. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैल सांगायला लागल्या की समजायचं, आपण पलीकडे आलो. शेंगेन व्हिसा यातल्या एकाही बाजूला चालत नाही. हेही सांगून ठेवतो, कारण दर वर्षी एक जण तरी विचारतोच.

माझा मेहुणा दुबईत असतो. गेल्या वर्षी दोन महिन्यांसाठी आला. भारतीय माणसाने भारतातून अर्ज केला तर आयर्लंडच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं मिळू शकतात. ती असली की त्याच व्हिसावर युनायटेड किंगडममध्येही जाता येतं, फक्त व्हिसा ज्या देशाने दिला तिथे आधी उतरायचं. मेहुण्याने अर्ज केला होता दुबईतून. त्याच्या व्हिसावर ती अक्षरं नव्हती, आणि व्हिसा एकदाच प्रवेशाचा.

चार दिवस डब्लिनमध्ये काढल्यावर त्याला डोनेगॉलचे स्लीव्ह लीगचे कडे बघायची हुक्की आली. हुक्की चुकीची नव्हती. समुद्रातून सरळ ६०० मीटर उठलेले कडे आहेत ते. डोनेगॉल प्रजासत्ताकातच मोडतं, त्यामुळे त्याला वाटलं प्रश्न मिटला. सकाळी लेटरकेनीची बस पकडली. मला सांगितलं नाही, कारण ‘दाजी नको म्हणतील’.

आता डब्लिन–लेटरकेनी हा सरळ रस्ता मोनाहन सोडलं की उत्तर आयर्लंडात, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये, शिरतो, ओमा आणि स्ट्रबॅन करत परत बाहेर येतो. मधला तासाभराचा प्रवास दुसऱ्या देशात. फोनवर ‘युनायटेड किंगडममध्ये स्वागत’ असा मेसेज आला तेव्हा साहेबांनी मला फोन केला. ‘दाजी, हा मेसेज चुकून आलाय वाटतं.’ म्हटलं, मेसेज बरोबर आलाय, चुकून तू गेलायस.

येताना स्लायगोवरून ये, असं त्याला दोनदा बजावलं. लेटरकेनीहून स्लायगोपर्यंत बस, तिथून डब्लिनला रेल्वे. एक दिवस जास्त जातो, पण पाऊल प्रजासत्ताकाबाहेर पडत नाही. त्याला कुठला धीर! तीच बस, तोच रस्ता. मोनाहनजवळ गार्डा, म्हणजे इथले पोलीस, बसमध्ये चढले आणि पासपोर्ट बघू लागले. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर हा दुसऱ्यांदा देशात शिरत होता. बस खोळंबली, सगळे प्रवासी खिडकीतून बघतायत आणि आमचा मेहुणा रस्त्याच्या कडेला पावसात परतीचं तिकीट फोनवर शोधतोय. अधिकारी समजूतदार निघाला, ताकीद देऊन सोडलं. तुमच्या बसमध्ये चढणारा तसाच निघेल, याची हमी मी घेणार नाही.

तेव्हापासून पाहुणा आला की पहिल्या संध्याकाळी मी पासपोर्ट मागून घेतो. बायकोला हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे. तीन गोष्टी बघतो: ती चार अक्षरं आहेत का, प्रवेश एकदाच की अनेकदा, आणि विमानतळावरच्या शिक्क्यात तारीख कोणती. लांब मुक्कामवाल्यांनी त्या तारखेकडे नीट बघायचं. अल्पमुदतीच्या व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण तुम्हाला नेमके किती, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आधीच तीन महिन्यांचं भाडं भरून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. ‘नंतर वाढवून घेऊ’ या भरवशावर तर अजिबात येऊ नका.

‘एवढासा तर देश आहे’

प्रजासत्ताक महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षाही लहान आहे, हे खरं. म्हणून लोक सकाळी डब्लिन, दुपारी मोहरचे कडे, रात्री डिंगल असं लिहून पाठवतात. मोटरवे संपला की रस्ता अरुंद होतो, मग आणखी अरुंद होतो, आणि शेवटी मधोमध गवत उगवलेला एक बोळ उरतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगा, समोरून ट्रॅक्टर. एका गाडीने मागे जायचं असतं आणि ती गाडी बहुतेक वेळा तुमचीच असते. कोनेमारात आमच्या एका पाहुण्याने भाड्याच्या गाडीचा डावा आरसा गडग्याला वाहिला. विम्यात तो बसत नव्हता. पूर्ण जबाबदारी घेणारा विमा महाग वाटतो, तरी घ्या. आणि वेग बघा: गावाकडच्या साध्या रस्त्यांवरची मर्यादा २०२५च्या फेब्रुवारीत ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे.

माझं मत विचाराल तर दोन महिन्यांत चार ठिकाणं, त्याहून जास्त नाही. डब्लिनला आठवडा पुरे, तिथली राहण्याची भाडी बघून तोही जड जाईल. कॉर्कला तीन आठवडे, मी राहतो म्हणून नव्हे. इथून लोकल गाडीने पंचवीस मिनिटांत कोव्ह येतं. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक शेवटची थांबली ते हे बंदर, तेव्हाचं नाव क्वीन्सटाउन. बसने किनसेल. पावसाचा दिवस निघाला तर घरी बसून दुसऱ्या दिवशी जाता येतं, हेच लांब मुक्कामाचं सुख. मग गॉलवे, मग केरी किंवा डोनेगॉल. गॉलवेला जुलैच्या शेवटी घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो. त्या आठवड्यात तिथे खोली मागणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात लॉज मागण्यासारखं.

डब्लिनहून एका दिवसात मोहरचे कडे दाखवून आणणाऱ्या बसा आहेत. बारा तास बसायचं, दीड-दोन तास बघायचं. ज्यांच्याकडे चारच दिवस आहेत त्यांनी जावं. दोन महिने हाताशी असताना ते तिकीट काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, विषय बदलतो. कड्यांजवळच्या डूलिन गावात दोन रात्री राहा, कड्यांच्या कडेने पायी जा, संध्याकाळी संगीत ऐका. केरीतून तिकडे जाताना लिमरिकचा वळसा घेऊ नका. टार्बर्टहून किलिमरला गाड्या नेणारी फेरी आहे, वीस मिनिटांत शॅनन नदीच्या पलीकडे.

पबला बार समजणं

दुसरी मोठी चूक. यावर मी तासभर बोलू शकतो, आणि बोलतोही.

पुण्याचे एक काका, बँकेतून निवृत्त, आमच्याकडे दीड महिना होते. त्यांना वेस्ट कॉर्कच्या एका गावात ओळखीच्या पबमध्ये नेलं. माझे तीन ओळखीचे बसले होते. एकाने सगळ्यांसाठी पाइंट मागवले, काकांसाठीही. ते संपतायत तोवर दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. मग मी. त्यानंतर काका उठले, सगळ्यांशी हात मिळवले, ‘व्हेरी नाइस पीपल’ म्हणाले आणि झोपायला गेले. वाटेत मला म्हणाले, ‘काय अगत्य रे या लोकांचं!’ अगत्य होतंच. पण त्याला राउंड म्हणतात, आणि पाचवी पाळी काकांची होती.

कोणी काही बोललं नाही. इथे बोलत नाहीत. कंजूष माणसाला ‘खिसे खोल, हात आखूड’ म्हणतात, तेही पाठीमागे. दुसऱ्या दिवशी मी गपचूप जाऊन काकांचा राउंड भरून आलो. आपल्याकडे बिल आलं की ‘मी देतो, मी देतो’ अशी झोंबाझोंबी होते. इथे बिल येतच नाही, दर फेरीला काउंटरवर पैसे. तुम्ही पहिला ग्लास स्वीकारला की पाळीत आलात. यायचं नसेल तर सुरुवातीलाच सांगा, ‘मी माझं घेतो’. कुणालाही राग येत नाही. दारू पीत नसाल तरी सोडा घेऊन राउंडमध्ये राहता येतं. राउंड चुकवून पळणं तेवढं नको.

काउंटरवर घाईही नको. स्टाउट, म्हणजे इथली काळी बिअर, दोन टप्प्यांत भरतात. आधी पाऊण ग्लास, मग तो ठेवून देतात, फेस वर चढू देतात, मग उरलेला भरतात. गिनेसवाले यासाठी ११९.५ सेकंद सांगतात. मधेच तो पाऊण ग्लास उचलून निघालेला एक मित्र मी पाहिलाय. बारवाल्याने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. कॉर्कमध्ये असाल तर मर्फीज किंवा बीमिश मागा. गिनेस मिळते, पण ती डब्लिनची. शाकाहारी असाल तर ऐका, गिनेस गाळायला पूर्वी माशापासून काढलेला पदार्थ वापरायचे, आता वापरत नाहीत. सूपचं मात्र विचारूनच घ्या. भाज्यांच्या सुपात कोंबडीचं पाणी असू शकतं.

संगीताच्या बैठकीला इथे सेशन म्हणतात. तो कार्यक्रम नसतो. चार-पाच वाजवणारे कोपऱ्यातल्या टेबलाभोवती जमतात आणि आपापसात वाजवतात. तो रिकामा कोपरा बघून ‘अरे वा, जागा मिळाली’ म्हणत बसू नका. गावच्या भजनात पखवाजवाल्याच्या जागेवर जाऊन बसाल का? फ्लॅश मारू नका, ठेका चुकवत टाळ्या वाजवू नका, ‘ते फास्टवालं होऊ दे’ अशी फर्माईश करू नका. आणि एखादा म्हातारा डोळे मिटून नुसत्या गळ्याने गायला लागला की काउंटरवर ऑर्डर देणंही थांबवायचं. डूलिन, गॉलवे, डब्लिनच्या स्मिथफील्डमधलं कॉबलस्टोन, ही ऐकायची ठिकाणं. टेंपल बार या डब्लिनमधल्या पर्यटकांच्या भागात फोटो काढा आणि पुढे चला.

मुलं बरोबर असतील तर रात्री नऊला, मे ते सप्टेंबर दहाला, त्यांना पबबाहेर काढावं लागतं. कायदाच आहे. स्वयंपाकघरही नऊच्या आसपास बंद होतं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे भूक लागल्याचं भान उशिरा येतं, आणि मग चिपरवाल्याकडचे तळलेले बटाटेच नशिबी.

गप्पांत तुम्ही महाराष्ट्रातले कळलं की लिओ वराडकर निघणारच. वडील मालवणजवळच्या वराडचे, मुलगा दोनदा इथला पंतप्रधान. छाती जरूर फुगवा, पण समोरच्याचं मत आधी ऐकून घ्या, मग फुगवा. आणि या लोकांना चुकूनही ब्रिटिश म्हणू नका.

बाकीच्या, थोडक्यात

छत्री आणू नका. पश्चिमेला वर्षात सव्वादोनशेच्या आसपास दिवस पाऊस असतो, पण तो कोकणासारखा कोसळत नाही, आडवा येतो. छत्री पहिल्याच दिवशी उलटी होते. टोपीवालं चांगलं जाकीट घ्या, स्वस्तातलं नको.

डब्लिनला मोठी रेल्वे स्टेशनं दोन. कॉर्क, गॉलवे, केरीच्या गाड्या ह्यूस्टनहून. स्लायगो, बेलफास्टच्या कॉनलीहून. चुकीच्या स्टेशनवर पोचलात तर लुआसची, म्हणजे इथल्या ट्रामची, लाल लाइन पकडा आणि देवाचं नाव घ्या.

डब्लिनच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, पण टोल आहे. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचा. भाड्याच्या गाडीत तो कोण भरणार, हे किल्ली घेतानाच विचारा.

केरीच्या समुद्रातल्या स्केलिग मायकल बेटाला एकच दिवस राखून ठेवणं हा जुगार आहे. दिवसाला मोजक्याच लोकांना बेटावर उतरू देतात, तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात, आणि समुद्र खवळला की होडी सुटत नाही. होडी जिथून सुटते त्या पोर्टमगीला निदान तीन रात्री ठेवा. मेहुण्याने एक ठेवली होती. त्याने बेट किनाऱ्यावरून पाहिलं.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. सगळेच म्हणतात.

आणि डिंगलकडे, कोनेमारात, आयरिश बोलणाऱ्या गावांत स्वच्छतागृहावर नुसतं ‘फिर’ आणि ‘म्ना’ लिहिलेलं असतं. दुसऱ्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग ‘मॅन’सारखं दिसतं, म्हणून आपले पुरुष तिकडे वळतात. म्ना म्हणजे बायका. काका वळले होते.