‘प्रोमिथिअस बाउंड’चा अभ्यास कसा करावा

‘प्रोमिथिअस बाउंड’ हे प्राचीन ग्रीक नाटक. अग्नी चोरून माणसांना दिला म्हणून देवांचा राजा झ्यूस प्रोमिथिअसला खडकाला जखडायला लावतो, ही त्याची कथा. आधी डोक्यातला गरुड बाजूला ठेवा. प्रोमिथिअसचं यकृत टोचून खाणारा तो प्रसिद्ध पक्षी या नाटकात रंगमंचावर येतच नाही. अखेरीस झ्यूसचा दूत हर्मीस त्याची धमकी देतो, तेवढीच. स्वतः झ्यूसही कुठे दिसत नाही. दिसतात ती त्याची माणसं.

भाषांतर घेताना समासात मूळ ओळींचे क्रमांक आहेत ना, ते बघा. नाहीतर टिपणं जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. नाटक सुमारे १०९३ ओळींचं आहे. पहिल्यांदा न थांबता एका बैठकीत वाचून काढा.

दुसऱ्या वाचनात पहिल्या ८७ ओळींवर रेंगाळा. क्रातोस (सत्ता) हुकूम सोडतो, बिया (बळ) अवाक्षर काढत नाही आणि लोहारदेव हिफेस्टस नाइलाजाने आपल्याच आप्ताला खडकाला जखडतो, छातीतून पाचर ठोकतो. नवी सत्ता कठोरच असते, असं म्हणणारा हिफेस्टसच. झ्यूसखेरीज कोणीच स्वतंत्र नाही, असं सुनावणारा क्रातोस. या सगळ्यात प्रोमिथिअस गप्प! तो तोंड उघडतो ८८व्या ओळीला. झ्यूसच्या राज्याची कल्पना इथेच येते.

नायक जागचा हलू शकत नाही, म्हणून ‘यात काही घडतच नाही’ अशी तक्रार होते. घडतं ते त्याच्याजवळच्या गुपिताभोवती. वहीत त्याचा माग असा काढा:

ओळ १६७च्या आसपास: झ्यूसला एक दिवस माझी गरज पडेल, एवढाच इशारा.
ओळ ५२२: कोरस (सागरकन्यांचा समूह) खोदून विचारतो, प्रोमिथिअस विषय टाळतो.
ओळ ७५५ ते ७७०: आयो या भटकणाऱ्या मुलीला सांगतो, की एका विवाहातून झ्यूसपेक्षा बलवान मुलगा जन्मेल. वधूचं नाव मात्र सांगत नाही.
ओळ ९०७ पासून: तेच आता उघड गर्जून.
ओळ ९४४: हर्मीस हजर, ‘कोणता विवाह ते सांग.’

शब्दागणिक पकड कुणाच्या हातात जाते, ते यात दिसतं. आयोचा प्रवेश लांबतो म्हणून गाळू नका. झ्यूसच्या वासनेची ती जिवंत शिकार आहे आणि तिच्याच वंशातला पुरुष प्रोमिथिअसला सोडवणार आहे.

उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारी चूक म्हणजे शोकांतिकेच्या नायकाला लावलं जाणारं ‘अजाणता घडलेला प्रमाद’ हे सूत्र इथे चिकटवणं. ओळ २६६ला प्रोमिथिअस स्वच्छ सांगतो, की चूक मी जाणूनबुजून केली. शिवाय टायटनांविरुद्धच्या (जुन्या पिढीतल्या देवांविरुद्धच्या) युद्धात तो झ्यूसच्याच बाजूने होता, हे विसरलं की बंडाची धार बोथट होते.

मग ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’तल्या ५०७ ते ६१६ या ओळी वाचा. तिथली बळी दिलेल्या पशूच्या मांसाच्या वाटणीतली फसवणूक आणि पहिल्या स्त्रीची निर्मिती नाटककाराने वगळली आहेत. आकडे, लिपी, औषधं, नौका या विद्या मात्र प्रोमिथिअसच्या पदरी घातल्या आहेत (४३६ ते ५०६). का, यावर एक पान लिहा.

लेखक म्हणून ग्रीक नाटककार ‘एस्किलस’ असं ठामपणे लिहू नका; परंपरेने नाटक त्याच्या नावावर असलं तरी अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही. आणि झ्यूसशी समेट होतो, असं तर मुळीच लिहू नका. सुटकेची कथा ज्या नाटकात होती, त्याचे फक्त तुकडे उरले आहेत. हे नाटक संपतं तेव्हा प्रोमिथिअस ‘माझ्यावर अन्याय होतोय’ असं ओरडत असतो.