खेड्यात मानसिक मूल्यमापन शिकताना: अंगणवाडीतल्या मुलापासून आजीपर्यंत

मानसशास्त्राची पदवी घेऊन यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या गावांत कामाला लागणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली ओढ चाचण्यांच्या पेटीकडे असते. माझा आग्रह असा, की पेटी उघडण्यापूर्वी काही आठवडे अनुभवी व्यक्तीशेजारी बसून केवळ पाहावे आणि ऐकावे. मुलाखत, निरीक्षण, घरच्यांनी दिलेली माहिती आणि चाचणी या चारही गोष्टी ताडून पाहिल्यावरच निष्कर्ष निघतो. निदान आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र हे तर नोंदणीकृत तज्ज्ञांचेच काम आहे.

सुरुवात लहान मुलांपासून करावी, आणि त्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. मूल रोजची कामे स्वतः किती करते हे पाहणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीचे भारतीय रूपांतर डॉ. मालिन यांनी नागपुरातच केले. तिच्यात 89 बाबी असून जन्मापासून 15 वर्षांपर्यंतच्या मुलाविषयी त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाला विचारायचे असते. येथेच नवशिक्यांची गफलत होते. एका अंगणवाडीत चार वर्षांच्या मुलाची आई मला म्हणाली, ‘‘हातानं जेवत नाही जी तो.’’ मी विचारले, भरवते कोण? ‘‘आजीच भरवते, एकुलता एक नातू हाय ना.’’ सेविकाताईंनी खिचडीची ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने अर्धी सदऱ्यावर सांडली, पण खाल्ली. मग खाली पडलेली शितेही एकेक वेचून तोंडात टाकली. मुलाला येत नाही आणि मुलाला संधी मिळत नाही, या दोन गोष्टींची नोंद वेगवेगळी करावी लागते, आणि मापनीच्या गुणांकनात त्याची सोय आहे.

सेग्वीन फलक म्हणजे वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे जुळत्या खाचांत बसवण्याची चाचणी. त्याचे दहा लाकडी ठोकळे आधी भाच्या-पुतण्यांसोबत इतक्यांदा मांडून पाहावेत की नजर पुस्तिकेवर नव्हे, मुलावर राहील. ठोकळे बसवण्याच्या तीन खेपांपैकी सर्वांत कमी वेळ धरतात. पण मूल ठोकळा जबरीने दाबते की फिरवून पाहते, हे घड्याळ सांगत नाही.

शाळकरी मुलांसाठी मालिन यांचीच 1969 ची बुद्धिमापन चाचणी आजही वापरली जाते. तिची मानके, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले त्या-त्या वयाचे गुण, जुनी झाल्यामुळे बुद्ध्यंक प्रत्यक्षापेक्षा जास्त येण्याचा संभव असतो, आणि हे अहवालात लिहावेच. किशोरवयीनांशी आईवडिलांच्या गैरहजेरीतही बोलावे. मात्र जिवाला धोका असल्यास, किंवा 2012 च्या पोक्सो कायद्याखाली येणारा, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळल्यास तो योग्य ठिकाणी कळवावा लागेल, हे बोलणे सुरू होण्याआधीच त्यांना सांगावे.

प्रौढांच्या बाबतीत खरी कसोटी भाषेची असते. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. 10 किंवा अधिक गुण आल्यास सखोल चौकशी करावी. कास्तकाराला ‘उदास वाटते का’ असे विचारले, तर तो ‘बरं हाय’ म्हणून मोकळा होतो. प्रमाणित मराठी प्रश्न जसाच्या तसा वाचावा, आणि मग ‘वावरात जीव लागते काय?’ असे विचारून त्याला तो समजला की नाही याची खात्री करावी. दोन आठवड्यांची मुदत आठवडी बाजारावरून बांधून द्यावी: ‘मागच्या दोन बाजारांपासून.’ झोपेच्या प्रश्नावर तर थांबावेच. रात्रीच्या विजेवर ओलीत करणारा किंवा रानडुकरांमुळे जागलीला बसणारा माणूस जागतो ते कामामुळे. संधी असूनही झोप लागत नाही का, हे वेगळे विचारावे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो चाचरत विचारू नये आणि गाळूही नये; विचारल्याने ती कल्पना माणसाच्या मनात रुजत नाही. होकार आला, तर काही ठरवले आहे का, फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे, हे स्पष्ट विचारावे. त्या माणसाला एकटे सोडू नये, औषध घरच्यांकरवी हलवून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक घरच्यांना लिहून द्यावा. हा संवाद मार्गदर्शकासमोर मोठ्याने इतक्या वेळा करावा की आपला आवाज कापणार नाही.

बाळंतिणीच्या नैराश्यासाठीच्या एडिनबर्ग मापनीचे दहा प्रश्न मागील सात दिवसांविषयी असतात. ते सासू किंवा आई खोलीत नसताना विचारावेत.

वृद्धांपुढे बसल्यावर आधी चष्मा आणि कान पाहावेत. स्मरणशक्ती आणि आकलन पाहणारी एमएमएसई ही 30 गुणांची चाचणी वाचन-लेखनही तपासते, त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीचे काही गुण स्मरणशक्ती शाबूत असतानाही जातात. याच अडचणीपोटी हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी रूपांतर तयार झाले. आपण मात्र मनाने प्रश्न बदलू नयेत, कारण मग मानकांशी तुलना करता येत नाही. ‘पोळा होऊन किती दिवस झाले?’ हे जरूर विचारावे, पण उत्तर गुणांत न धरता निरीक्षणात लिहावे. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर चाचणी बाजूला ठेवून आजीला आधी दवाखान्यात पाठवावे.

अहवालात माहिती कोणी दिली, संभाषण वऱ्हाडीत झाले की गोंडीत, दुभाषी होता का, चष्मा होता का, हे आकड्याच्या आधी लिहावे, आणि घरच्यांच्या हाती देण्यापूर्वी तो मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावा.