मधमाशीला लाल दिसत नाही: कुंड्यांसाठी फुलांचे रंग निवडताना

गॅलरी लाल फुलांनी भरली तरी मधमाश्या फिरकत नाहीत, ही नेहमीची तक्रार. कारण साधं आहे: मधमाशीला लाल रंग म्हणून दिसत नाही. हिरव्या पानांत लाल फूल तिच्या नजरेत उठतच नाही. तिला निळा, जांभळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला सगळी पिवळीच. तिला बुडाशी गडद वलय दिसतं.

म्हणून निम्म्या कुंड्या निळ्या, जांभळ्या, पिवळ्या ठेवा. तुळस आधी. मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, दोन-तीन फांद्यांवर फुलू द्या. सातेरी, फुलोरी, इवल्या पोयाच्या माश्या अशा मधमाश्यांच्या जाती तिथे हमखास येतात. वांगं लावलं असेल तर त्याच्या जांभळ्या फुलात मध नसतो, फक्त पराग. तो झाडून काढायला अंग थरथरवणारा भुंगा लागतो, सातेरीला ते जमत नाही.

लाल मग कोणासाठी? शिंजिर पक्ष्यासाठी जास्वंद आणि कर्दळ, फुलपाखरांसाठी लाल-गुलाबी पेंटास आणि एकेरी झिनिया. रात्रीच्या पतंगांना पांढरा आणि सुगंधी: रातराणी, निशिगंध. तिथला दिवा मात्र रात्री बंद ठेवा.

रंग बरोबर, तरी कोणी येत नाही? फुलाचा मधला भाग पाहा. गच्च भरलेल्या झेंडूत मधल्या बारीक नळ्यांच्याही पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मध-पराग नावालाच. नर्सरीत एकेरी पाकळ्यांचं, मधे पिवळी चकती स्पष्ट दिसणारं रोप मागा. विक्रेता भरगच्चच पुढे करेल, भुलू नका.

मांडणीत एक चूक सर्रास होते: प्रत्येक रंगाची एकेक कुंडी. मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुलं धुंडाळते, तेव्हा एका जातीच्या तीन ते पाच कुंड्या चिकटवून ठेवा, पाच-सहा तास ऊन लागेल अशा जागी.

कॉसमॉस आणि झिनियाचं बी जूनमध्ये पेरा, अर्धा सेंटिमीटर खोल, 10 ते 12 इंची कुंडीत दोन-तीन रोपं. साधारण दोन महिन्यांत फुलं येतात. तीन आठवड्यांनी दुसरी पेरणी केली की बहर तुटत नाही. नत्राचं खत जास्त झालं तर नुसतीच पानं माजतात.

फुलपाखरांना मधाबरोबर अळीचं अन्नही हवं. लिंबाची पानं नीलवंताच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराच्या, अळ्या खातात. कुरतडलेली पानं दिसली की फवारणीला हात घालू नका. मावा पडलाच तर कडुनिंबाचं तेल संध्याकाळी, फुलं वगळून. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मात्र नकोच. ते झाडाच्या रसातून मधात आणि परागात उतरतं.