नेट नसतानाचा अभ्यास

प्रोग्रामिंग शिकायला लागले तेव्हा इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही रात्री उशिरा मिळणारा. व्हिडिओ दोन मिनिटं चालायचा आणि अडकायचा. नेट नीट मिळू लागलं की मनापासून सुरुवात करू, असं म्हणत मी दोन महिने घालवले. नव्याने शिकणाऱ्या कुणाचे तेवढे दिवस वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

कोर्स निवडताना आधी बघा, तो उतरवून घेता येतो का. माझा पहिला कोर्स फक्त लॉग-इन करूनच दिसायचा. मुदत संपली आणि मी सोडवलेली उदाहरणंसुद्धा कुलपाआड गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचं ओपनकोर्सवेअर सापडलं. २००१ साली जाहीर झालेल्या या उपक्रमात नावनोंदणी लागत नाही आणि बरंचसं साहित्य उतरवून ठेवता येतं. प्रमाणपत्र मिळत नाही, पण मला शिकायचं होतं. व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळत असेल तर तोच घ्या. व्हिडिओच्या तुलनेत तो अगदीच हलका असतो आणि अडलेल्या वाक्यावर हवा तेवढा वेळ थांबता येतं. विकिपीडियासाठी किविक्स नावाचं अ‍ॅप आहे: एकदा फाइल उतरवली की नेटशिवाय वाचता येते.

पण खरी वाट दाखवली ती मुक्त सॉफ्टवेअरने. एका रात्री पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यादी पिसायला मी शफल हे तयार फंक्शन वापरलं आणि उत्तर नव्या नावात साठवलं. हाती आलं ‘नन’ (None), म्हणजे काहीच नाही. नेट बंद, विचारायला कुणी नाही. मग लक्षात आलं की शफल ज्यात आहे त्या रँडम मॉड्यूलचा (पायथनसोबत येणाऱ्या फाइलचा) मूळ कोड माझ्याच संगणकावर आहे. फाइल उघडली. शफलचं मुख्य काम जेमतेम तीन ओळींचं होतं: यादीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे येत घटकांची अदलाबदल. ती मूळ यादीतच होत होती आणि फंक्शन काहीही परत देत नव्हतं. चूक समजलीच, शिवाय जाणकार माणसं कोड कसा लिहितात तेही पहिल्यांदा दिसलं.

मराठीत मोफत आणि मुक्त हे शब्द वेगळे आहेत, त्याचा फायदा घ्या. मोफत मिळणारं उद्या पैसे मागू शकतं. १९८३ मध्ये प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी: चालवा, अभ्यासा, बदला, वाटा. आणि कोड दिसतो म्हणून तो मुक्त असेलच असं नाही. परवान्याची फाइल आधी वाचा. परवानाच नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

अभ्यासक्रम बनवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: डाउनलोडचं बटण द्या. तुमच्याकडचं नेट म्हणजे सगळ्यांकडचं नेट नव्हे.

गिट मात्र लवकर शिका. २००५ सालचं हे साधन कामाचा सगळा इतिहास तुमच्याच संगणकावर ठेवतं. मुक्त सॉफ्टवेअरमधली माझी पहिली दुरुस्ती एका माहितीपुस्तिकेतल्या चुकलेल्या उदाहरणाची होती. ती नेट नसताना केली, नोंदवली आणि दुसऱ्या रात्री हॉटस्पॉट मिळाल्यावर पाठवली. पाठवायला काही सेकंद लागले.