तिकीट कधीचं काढलंय?

चीनमधल्या यिवू या घाऊक बाजाराच्या शहरात नोकरीला येणारी मराठी मुलं फोन करतात तेव्हा भाषेबद्दल, जेवणाबद्दल, थंडीबद्दल विचारतात. ते सगळं जमतं. मी सांगलीची, भाकरीशिवाय जेवण न होणारी. माझं जमलं, तुमचंही जमेल. चिनी नववर्षाबद्दल मात्र कुणी विचारत नाही, कारण सरकारी सुट्टी आठ-नऊ दिवसांची, मग त्यात विचारायचं काय? मलाही असंच वाटलं होतं आणि माझी नोकरी त्यात जवळजवळ गेली होती.

गोष्ट २०२४ ची. नववर्ष १० फेब्रुवारीला होतं, सुट्टी १० ते १७. मी डिसेंबरात मुंबईच्या एका व्यापाऱ्यासाठी स्टीलच्या ८,००० बाटल्यांची ऑर्डर टाकली. पाडवा ९ एप्रिलला, त्याआधी माल दुकानात हवा. कारखानदाराला विचारलं, माल कधी तयार होईल? म्हणाला २५ जानेवारी, ‘मेई वेनथी’, काही अडचण नाही. ऑफिसातल्या सीनियरनं मान डोलावली, मीही वहीत तारीख लिहिली.

बाटल्या २२ लाच तयार झाल्या. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण बाटली ज्या छापील खोक्यात जाते ते खोकं दुसरीकडे बनतं, आणि तो खोकेवाला १८ जानेवारीलाच कुलूप लावून गेला होता. नववर्षाच्या तीन आठवडे आधी!

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. कारखान्यातले कामगार त्या शहरातले नसतात. ते क्वेइचौ, हनान, आनह्वी, सिच्वान अशा लांबच्या प्रांतांतून आलेले असतात आणि कित्येकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात. वर्षातून एकदा घरी जायचं तर आठ दिवसांसाठी कोण जाईल? तेही गाड्यांच्या त्या गर्दीत. प्रवासाच्या या हंगामाला ‘छुन-युन’ म्हणतात, तो ४० दिवसांचा असतो, त्या वर्षी २६ जानेवारी ते ५ मार्च. त्यामुळे माणसं लवकर निघतात आणि बरीचशी नववर्षाच्या पंधराव्या दिवशीचा कंदिलांचा सण करूनच परततात. आधी छोटे कारखाने बंद होतात: छपाई, मुलामा, खोकी. मग मोठे. मग ट्रेलरवाले. तुमचा माल या साखळीतल्या सगळ्यात आधी बंद होणाऱ्या कडीवर अवलंबून असतो, आणि तुम्ही विचारता मात्र शेवटच्या कडीला.

खोकेवाल्यानं कंदिलांच्या सणानंतर, २४ फेब्रुवारीनंतर, शटर उघडलं. छपाईयंत्र चालवणारा परतलाच नव्हता, गावाजवळ दुसरी नोकरी मिळाली म्हणे. खोकी मार्चच्या मध्यावर आली. कंटेनर निंगबोहून निघून न्हावा शेव्याला लागला तेव्हा पाडवा होऊन गेला होता. व्यापाऱ्यानं पैसे कापले, माझा प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढला. रात्री आईला फोन केला आणि ‘सगळं छान आहे’ म्हणाले.

सीनियर लोकांबद्दल एक बोलतेच. दहा वर्षं इथं राहिलेल्या माणसाला सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नवख्याला काय माहीत नसेल हे त्याला सुचतच नाही. तो वाईट नसतो. पण त्याच्या भरवशावर राहू नका. मला खरी माहिती दिली ती पॅकिंग करणाऱ्या आयीनं. ‘आयी’ म्हणजे मावशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आईच वाटलं होतं. ती म्हणाली, मालकाला सुट्टी कधी असं विचारू नकोस. कामगारांना विचार, तिकीट कधीचं काढलंय? तिकिटं पंधरा दिवस आधी सुटतात, म्हणजे ज्याच्या हातात तिकीट आहे त्याला आपली तारीख पक्की ठाऊक असते.

दुसरा, छोटा सापळा: सुट्टीचे सगळे दिवस फुकट मिळत नाहीत. त्यांच्या बदल्यात त्या वर्षी ४ आणि १८ फेब्रुवारी हे दोन्ही रविवार कामाचे होते. मी १८ ला हांगचौला तळ्याकाठी फिरत होते. फोन आला. असो.

तारखेचं म्हणाल तर आपल्या कालनिर्णयावरून अंदाज बांधता येतो. चिनी महिना अमावास्येपासून धरतात, त्यामुळे नववर्ष बहुधा पौष अमावास्येला किंवा दुसऱ्या दिवशी येतं. अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वर्षी आला की ते माघ अमावास्येवर जातं, २०२६ ला १७ फेब्रुवारीला गेलं तसं. २०२७ ला ६ फेब्रुवारी, म्हणजे लवकर. आत्ताच लिहून ठेवा.

आता सणाचं. यिवूतच थांबलात तर पहिले चार दिवस भकास जातात. घाऊक बाजारात ७५,०००च्या आसपास गाळे आहेत. तोही बंद, आणि माझ्या गल्लीतलं नूडलचं दुकानही बंद. तांदूळ, डाळ, कांदे आधी भरून ठेवा. कुणी घरी बोलावलं तर मात्र लाजू नका, जा. मला एका सहकारी मुलीनं च्यांगशी प्रांतात, शांगरावजवळच्या तिच्या गावी नेलं. तिकीट स्वतः रेल्वेच्या अधिकृत ॲपवरच काढा. पासपोर्टची पडताळणी आधी उरकून घ्या, तिला वेळ लागतो. ‘जास्त पैसे द्या, मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिकीट पासपोर्टच्या नावावर असतं.

जाताना फळांची पेटी न्या. घड्याळ नेऊ नका, चिनीत ‘घड्याळ देणं’ याचा उच्चार अंत्यविधीसारखा होतो. लहान मुलांसाठी लाल पाकिटं आणि कोऱ्या नोटा ठेवा, रकमेत चारचा आकडा नको. मी शाकाहारी. तिथं पालेभाजीलाही डुकराची चरबी असते हे मला जेवायला बसल्यावर कळलं. तिच्या आजीनं काही न बोलता हिरवी मिरची घालून टोफू वेगळा परतून दिला. तिखट इतकं की कोल्हापूर आठवावं. ताटातला अख्खा मासा मुद्दाम उरवला होता, कारण मासा आणि शिल्लक या दोन्हींना ‘यू’च म्हणतात. पुढं टीव्हीवर नववर्षाच्या आदल्या रात्री लागणारा, १९८३ पासून चालत आलेला लांबलचक कार्यक्रम. अर्धं घर पेंगत होतं.

सकाळी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं घरभर पडलेली पाहून मी गुणी मुलीसारखी झाडू उचलला. आजी धावतच आली. पहिल्या दिवशी केर काढला तर वर्षाची लक्ष्मी झाडून जाते! दिवेलागणीनंतर झाडू धरला की माझी आजी अशीच ओरडायची, हे मी मोडक्या चिनीत सांगितलं. पुढचे दोन दिवस मला कुणी पाहुणी मानलं नाही. पगार किती आणि लग्न कधी, एवढे दोन प्रश्न तेवढे विचारले.

२०२५ चं नववर्ष २९ जानेवारीला होतं. मी नोव्हेंबरातच खोकेवाल्याकडे गेले आणि तिथल्या आयीला विचारलं, तिकीट कधीचं काढणार? म्हणाली, ८ जानेवारी. छापील खोकी १ डिसेंबरला आणून ऑफिसच्या जिन्यात रचली. महिनाभर साहेब रोज त्यांना अडखळत आणि मला शिव्या घालत वर जायचे.