डोंगरतळ्यावर ट्राउटची संध्याकाळ : या चुका टाळा

डोंगरातल्या छोट्या तळ्यावर पोचलं की बहुतेकजण तडक पाण्यात उतरतात आणि अंगातला सगळा जोर लावून गळ तळ्याच्या मध्याकडे फेकतात. त्या वेळी मासा असतो काठाशी, आत्ता जिथून आपण धपधप चालत आलो तिथेच.

दिवसा गोष्ट वेगळी. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस पाणी त्याला मानवतं. उन्हाळ्यात उथळ भाग तापला की तो खोलात जातो. पाणी गारच असलं तरी लख्ख उजेडात वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांच्या धाकाने उघड्यावर यायला कचरतो. सूर्य कड्याआड गेला की ही दोन्ही कारणं सैल पडतात. शिवाय किडे जास्त करून उथळ, गवताळ कडेलाच असतात. म्हणून पहिले काही गळ काठावरून, पाण्यात पाय न घालता, काठाला समांतर टाकावेत. लांब फेकायची हौस नंतर भागवता येते.

काठाशी जायचं तेही बेतानं. गप्पांचा आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, पण दगडावर आपटलेल्या बुटाचा हादरा उतरतो आणि मासा तो अंगानं टिपतो. नजरेचं गणितही समजून घ्यावं. पाण्याखालून माशाला बाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसतं. कडेकडून, अगदी तिरपा येणारा उजेड त्या झरोक्याच्या काठाशी चेपला जातो, अंधूक होतो. त्यामुळे वाकून किंवा गुडघ्यावर बसून गळ टाकणारा माणूस बराचसा लपतो. पाठीमागे झाडी किंवा खडक असेल तर उत्तमच. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताठ उभं राहणं सगळ्यात वाईट. मासा जितका वर, तितका त्याचा झरोका लहान: ३० सेंटिमीटर खोलीवरच्या माशाला जेमतेम ७० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. वर चरणाऱ्या माशाच्या वाटेपासून हातभर बाजूला पडलेली फ्लाय (किड्यासारखा दिसणारा, पिसं-दोरा बांधलेला गळ) त्याला दिसलीच नाही, असं सहज होतं.

आता नेहमीची तक्रार: पाण्यावर वलयंच वलयं उठतायत, पण गळाला काही लागत नाही.

यात दोन वेगवेगळ्या चुका असतात. पहिली म्हणजे वलयाच्या बरोब्बर मध्यात फ्लाय टाकणं. ओढ्यात ट्राउट एका जागी थांबतो, प्रवाह त्याला खाणं आणून देतो. तळ्यात प्रवाह नाही, मग खाण्यामागे त्यालाच फिरावं लागतं. वलय दिसलं तेव्हा तो पुढे गेलेला असतो. लागोपाठची दोन-तीन वलयं बघा, दिशा कळते. तिच्या पुढे दोन-तीन मीटरवर फ्लाय टाका आणि थांबा. या थांबण्यातच बऱ्याचजणांचा धीर सुटतो.

दुसरी चूक खाणं न ओळखण्याची. माशाचं तोंड वर आलं आणि वलयात बुडबुडा राहिला, तर तो पृष्ठभागावरचा किडा खातोय. तिथे तरंगती फ्लाय चालते. पण नुसती पाठ आणि शेपटी दिसली, तोंड दिसलंच नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली, कोषातून बाहेर पडायला वर येणारी चिलटं टिपतोय. मग तुमची सुंदर तरंगती फ्लाय तासभर बदलत बसलात तरी उपयोग नाही. कोषासारखी बारीक फ्लाय घ्या, ती पृष्ठभागाखाली दोन-चार बोटं लोंबेल अशी ठेवा आणि ओढूच नका, किंवा ओढलीच तर अगदी मुंगीच्या पावलानं. स्पिनर, म्हणजे ओढताना पाण्यात गरगरणारं आमिष, वापरणाऱ्यांनाही हेच: उजेड कमी होईल तसा रीलचा (दोरी गुंडाळायच्या चक्रीचा) वेग कमी करा.

काळोख दाटू लागला की फिकट रंगाची फ्लाय आपल्याला बरी दिसते म्हणून लावली जाते. मासा मात्र ती खालून, उरल्यासुरल्या उजेडाच्या आकाशावर बघतो, आणि तिथे गडद रंगाची आकृती ठळक उठते. आपल्याला ती दिसली नाही तर अंदाजाने चालायचं: ती असावी त्या जागी वलय उठलं की काठी शांतपणे उचलायची. हिसका दिलात तर ०.१५ मिलिमीटरची दोरी तुटेल, नाहीतर माशाच्या तोंडातून गळ निसटेल.

दोरी तशीही संध्याकाळीच दगा देते. वाऱ्याने दोरीला आपोआप गाठ पडते आणि त्या जागी तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. अधूनमधून बोटांच्या चिमटीतून दोरी सरकवून बघा. गाठ सापडली तर सोडवत बसू नका, तेवढा तुकडा बदला. नवी गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. दोन-तीन फ्लाय दोरीसकट आधीच बांधून ठेवल्या तर काळोखात टॉर्च लावायची वेळ येत नाही. लावावीच लागली तर पाण्याकडे पाठ करा. ट्राउटला पापण्या नसतात, झगझगीत झोताने तो उथळ भाग सोडून जातो.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी लगेच खाली ठेवावी, कारण कार्बनची काठी वीजवाहक असते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर वादळ साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. सामान आवरत बसण्यापेक्षा निघा.

मासा सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने घरातच दाबून टाकलेला बरा. हात ओले करून मग धरा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो. फोटोसाठी तो हवेत धरून फ्लॅश शोधत बसणं तर नकोच. पाण्यातच सरळ, अलगद आधार द्या, जोर आला की स्वतःच सुटून जाईल. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. आणि पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर असेल तर त्या संध्याकाळी पकडून सोडण्याचा खेळ नको, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो.