वादळानंतर बेटावरची विहीर: पंप लावायची घाई नको

१६ डिसेंबर २०२१ ला टायफून राय, तिकडे त्याला ओडेट म्हणतात, फिलिपिन्समध्ये सगळ्यात आधी सियारगाव बेटावर धडकलं. अशा बेटावर समुद्र विहिरीत शिरला की पहिलं मनात येतं पंप लावून सगळं उपसून टाकू, पण प्लीज तसं करू नका, कारण लहान बेटाखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, जोरात उपसलं की खालचं खारं वर चढतं आणि विहीर अजून बिघडते. आधी कचरा न् चिखल बादलीने हळूहळू काढा, मग क्लोरीन टाका, खारटपणा मात्र पावसानेच जाणार, महिनेही लागतात. उकळून जंतू मरतात, मीठ जात नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. तोवर ताडपत्री बांधून पावसाचं पाणी धरा, पहिलं सोडून द्या, बाकीचं उकळून प्या.

आणि पडलेले माड कुजू देऊ नका! त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, मग वादळातून वाचलेले माडही जातात, खूप वाईट वाटतं ते बघून. चांगले ओंडके लगेच चिरून घराला वापरा.

जनरेटर घराबाहेरच, खिडकीपासून लांब.